दर्शनी दगड, आतला डबर

५ एप्रिल २०२०, रविवार. रात्री नऊ वाजता सगळ्या देशाने घरातले दिवे घालवून पणत्या लावायच्या होत्या, आणि त्याच दिवशी माझ्या फोनवर एका पुलाचा व्हिडिओ येऊन पडला. लॉकडाऊन लागायच्या आधी मी कसाबसा पुण्याहून तळोद्याला घरी पोचलो होतो. कॉलेज बंद, हाताला काम नाही, दिवसाचा डेटा दुपारीच संपायचा. तरी तो व्हिडिओ मी चार-पाच वेळा पाहिला. खंडाळ्याजवळ मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आडवा उभा असलेला दगडी कमानींचा अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला होता. धूळ उठते, दगड खाली येतात, संपलं. खाली कुणीतरी लिहिलेलं: १९० वर्षं जुना ब्रिटिशकालीन रेल्वे पूल इतिहासजमा.

शेजारचे गवंडीकाका ओट्यावर बसले होते. त्यांचंही काम बंदच. त्यांना फोन दिला. पूल पडला तेव्हा मी ‘बापरे’ म्हणालो, ते काहीच बोलले नाहीत. व्हिडिओ संपल्यावर म्हणाले, “धूळ तरी बसू द्यायची ना. त्याच्या आत बंद केला. आत काय भरलं होतं ते दिसलंच नाही.”

त्यानंतर त्या पुलाबद्दल आणि त्याच घाटातल्या आणखी एका पडलेल्या पुलाबद्दल जे हाताला लागेल ते मी वाचत आलो आहे. बातम्या, आठवणी, फेसबुकवरच्या पोस्टी, ‘हे तुम्हाला माहीत आहे का’ छापाचे रील. माझी तक्रार काकांचीच आहे. आपल्याकडे या घाटाबद्दल लिहिणारे बहुतेक जण धूळ बसायच्या आत बंद करतात.

तळोद्याच्या माणसाने बोरघाटाच्या पुलात का नाक खुपसावं, असं कुणाला वाटेल. तळोद्याला रेल्वे नाही. आमचं गाव तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. सुरतेहून येणारी लाइन तापीच्या दक्षिणेकडून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाते. गाडी बघायची तर एसटीत बसून नदी ओलांडून नंदुरबार गाठायचं. ज्याच्या दारात रूळ असतात तो त्यांच्याकडे बघत नाही. मी अजून बघतो. दुसरं कारण पुढे येईल.

आधी त्या १९० वर्षांचा हिशेब करू, कारण तो कुणी केलेलाच दिसत नाही. २०२० मधून १९० गेले की उरतात १८३०. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली १६ एप्रिल १८५३ ला. घाटातून गाडी चालायला लागली १८६३ मध्ये. खुद्द इंग्लंडात लिव्हरपूल-मँचेस्टर लाइन सुरू झाली ती सप्टेंबर १८३० मध्ये. म्हणजे बातमीवर विश्वास ठेवायचा तर तिकडे मँचेस्टरवाले पहिल्या गाडीत बसत होते तेव्हा इकडे खंडाळ्यात रेल्वेचा पूल बांधून, धुऊन-पुसून तयार होता! ‘१८३०’ आणि ‘रेल्वे’ हे दोन शब्द एका वाक्यात बसत नाहीत. पण त्या आठवड्यात ते कितीतरी मथळ्यांमध्ये सुखाने शेजारी बसले होते.

१८३० आलं कुठून हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. १० नोव्हेंबर १८३० ला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता सुरू केला. त्याआधी घाट म्हणजे बैल, तट्टू आणि माणसाची पाठ. रस्त्याचं साल पुलाला चिकटलं. मी हा पूल रेल्वेचाच धरतो, कारण तो उभा होता ती जागा घाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनाच्या जुन्या लाइनीची आहे. तसं धरलं की त्याचं वय एका फटक्यात तीसेक वर्षांनी कमी होतं आणि तो एका वेगळ्याच गोष्टीतलं पात्र होतो. नाव तर त्याहून गमतीचं. तिथे पूर्वी अमृतांजन बामची मोठी जाहिरात लागलेली असायची, त्यावरून अमृतांजन पॉइंट, त्यावरून अमृतांजन पूल. ज्यांनी आखला त्यांचं नाही, ज्यांनी बांधला त्यांचं नाही, डोकेदुखीवरच्या मलमाचं नाव. एक्सप्रेसवेवर त्या वळणाला रविवारी संध्याकाळी अडकलेल्या माणसाला ते पटतही असेल.

आता गोष्ट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, ही कंपनी १८४९ मध्ये झाली. तिचा मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले, रॉबर्ट स्टीफन्सनच्या तालमीतला. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडाही सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. त्यामुळे पुढची पाच वर्षं प्रवासी मुंबईहून गाडीने खोपोलीला यायचे, तिथे उतरून पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचे, आणि वर खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचे. एका प्रवासात दोन शतकं! मला या पाच वर्षांवर एखादी कादंबरी वाचायला आवडेल. अजून मिळालेली नाही.

त्या मधल्या तुकड्याचे आकडे असे. घाटाची लाइन पावणेसोळा मैलांच्या आसपास. पायथा मुंबईच्या भरतीच्या पाण्यापासून १९६ फूट वर, माथा २,०२७ फूट. म्हणजे १,८३१ फुटांची चढण. सर्वात कडक ठिकाणी ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, त्याच्यासाठी ही भिंतच. वाटेत २५ बोगदे आणि ८ मोठे दरीपूल. इंग्रजीत अशा पुलाला व्हायाडक्ट म्हणतात. नदी ओलांडतो तो पूल, आणि दरी, रस्ता, खोलगट जमीन ओलांडत एका पातळीत जातो तो व्हायाडक्ट. मी दरीपूलच म्हणणार आहे.

या सगळ्या बांधकामात मला सर्वात प्रामाणिक वाटतं ते रिव्हर्सिंग स्टेशन. खंडाळ्याच्या खाली डोंगराची एक धार पुढे येते. तिथे लाइन वळवायला जागाच नाही, कडा सुरू होतो. बर्कलेने वळण घेतलंच नाही. मुंबईहून येणारी गाडी त्या धारेवर जाऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी आता पाठ पुढे करून वरच्या लाइनीने निघायची. इंग्रजी व्ही अक्षराच्या एका पायाने आत, दुसऱ्या पायाने बाहेर. साम्राज्याच्या कुठल्याही बांधकामात इतकी सरळ माघार सापडणार नाही. डोंगराने सांगितलं उलटं फिर, गाडी उलटी फिरली. रोजच्या रोज, साठ-पासष्ट वर्षं. १९२९ मध्ये विजेची इंजिनं येण्याच्या सुमारास नवे बोगदे खोदून लाइन सरळ केली, आणि ती धार, तिथले रूळ, शेजारचे दगडी पूल सगळं निकामी झालं. अमृतांजन पूल पाडला तेव्हा त्यावरून गाडी जाऊन नव्वद वर्षं झाली होती. खालून मात्र एक्सप्रेसवे त्याच्या खांबांमध्ये अंग चोरून जात होता, आणि तिथे वाहनं तुंबायची. लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा मिळाला तशी रस्ते महामंडळाने संधी साधली. पाडण्याला माझा विरोध नाही. ज्या बातम्या मी वाचल्या त्यांत वाहतूक किती दिवस बंद, पर्यायी रस्ता कोणता, सगळं होतं. कमानी किती होत्या, गाळा किती फुटांचा, दगड कुठल्या खाणीतला, हे कुठेच नव्हतं. मेलेल्या माणसाच्या बातमीत आपण निदान वय बरोबर छापतो.

आता दुसरा पूल. मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

याच घाटात एक दरीपूल होता, जुन्या इंग्रजी कागदांत त्याचं नाव म्हौ-की-मळी असं काहीतरी येतं. आमच्या सातपुड्याकडच्या कानाला त्यात मोहाचं झाड ऐकू येतं, पण साहेबाच्या स्पेलिंगवर व्युत्पत्ती रचायचा मोह (हाही मोहच) टाळतो. पन्नास फूट गाळ्याच्या दगडी कमानींची रांग, शंभर फुटांहून अधिक उंच. घाटाची लाइन २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते सुरू झाली तेव्हा ही कामं म्हणजे पश्चिम हिंदुस्थानातलं आश्चर्य होतं. आणि १९ जुलै १८६७ ला, ऐन पावसात, म्हौ-की-मळीचा पूल कोसळला. बांधून जेमतेम चार-पाच वर्षं झालेली. सुरुंग लावला नव्हता, भूकंप नव्हता. चौकशीचं बोट दगडकामाकडे गेलं. मग कंपनीचे इतर पूल तपासले, आणि त्यातले अनेक दुरुस्त करावे लागले, काही पुन्हा बांधावे लागले.

कमान कशी उभी राहते हे माहीत असलं की या पडण्याचा अर्थ लागतो. पाचरीच्या आकाराचे दगड एकाला एक टेकवत अर्धवर्तुळ करायचं. पुरं होईपर्यंत ते उभं राहत नाही, म्हणून खालून लाकडाचा सांगाडा द्यायचा. माथ्यावर चावीचा दगड बसला की सगळे एकमेकांना दाबून धरतात, आणि लाकूड काढून घेता येतं. आता जितकं ओझं वरून येईल तितके दगड अधिक घट्ट. पण हा दाब शेवटी खांबात उतरतो, आणि खांब काही एकसंध दगडाचा नसतो. बाहेरून घडीव दगडाची भिंत, चारी बाजूंनी, रेखीव, सांधे एका ओळीत. आत भरणा: डबर, म्हणजे न घडवलेले ओबडधोबड दगड, आणि चुना. भरणा चांगला असेल, चुना घाणीत नीट मळलेला असेल, आणि दर्शनी दगडांपैकी काही लांब दगड आतपर्यंत घुसवून बाहेरचं-आतलं बांधून घेतलं असेल, तर खांब शेकडो वर्षं उभा राहतो. नसेल, तर बाहेरची भिंत हे नुसतं कवच. आत पाणी मुरतं, कच्चा चुना वाहून जातो, भरणा खाली बसतो आणि आतून बाहेर ढकलायला लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. एक दिवस कवचाला पोट येतं. कोकणाच्या माथ्यावरचा पाऊस हे काम किती लवकर करतो, ते त्या घाटात जुलैत उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांना काही नवल वाटलं नाही. म्हणाले, “मग काय. बाहेरचा दगड साहेब बघतो, आतलं कोण बघतो? आणि आतलं भरायला लावलेल्या माणसाला पैसे देतात का बाहेरच्याइतके?” मी म्हटलं, नसतील देत. “मग तो तसंच भरणार.”

इथे पुलाची समीक्षा मजुरीच्या हिशेबात शिरते, आणि आपल्याकडचं लेखन इथूनच मागे फिरतं. काम सुरू झालं १८५६ च्या जानेवारीत. कंत्राटदार विल्यम फेव्हिएल. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, मुकादमाच्या हाताखाली टोळी. बाप्ये सुरुंगासाठी दगडाला भोकं पाडायचे, काही ठिकाणी कड्यावरून दोराला लटकून. बायका-पोरं पाट्या वाहायची. पावसाळ्यात काम थांबायचं, माणसं पांगायची. पटकी आली की उघड्या पालांतून पसरायची. एक एक पायरी उतरत पैसा खाली येईपर्यंत त्याचं काय होत असेल ते ओळखायला इतिहासकार लागत नाही. १८५९ च्या जानेवारीत तो आलाच नाही. मजुरी थकली आणि घाटातल्या मजुरांनी गोऱ्या देखरेखवाल्यांवर हल्ला केला. त्याच वर्षी फेव्हिएल कंत्राट सोडून बाहेर पडला.

सरकारने यातून एक कायदा काढला. १८६० चा नववा कायदा: रेल्वे आणि सार्वजनिक कामांवरच्या मजुरांचे व मालकांचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवायचे. वाचायला बरं वाटतं. त्याच कायद्यात करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही होती. थकबाकी मागायचा हक्क आणि पळून न जायची सक्ती, एकाच कागदावर. त्यानंतर काम वेगाने चाललं. १८६१ च्या सुरुवातीला घाटात ४२,००० च्या वर माणसं होती. पुढे जो पूल पडला तो याच घाईत, याच माणसांच्या हातून, याच उतरंडीत बांधलेला. चार वर्षांनी पावसाने भरणा बाहेर काढला तेव्हा त्यात ही सगळी उतरंड दिसायला हवी होती. चौकशी दगड-चुन्यापाशी थांबली.

तुम्ही या घाटाबद्दल इंटरनेटवर काही वाचलं असेल तर दोनपैकी एक नाव भेटलं असेल. पहिलं ॲलिस ट्रेडवेलचं. फेव्हिएल गेल्यावर कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलकडे गेलं. तो हिंदुस्थानात आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मेला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट सोडलं नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या इंजिनिअरांना हाताशी धरून काम पुरं करवून घेतलं. या घाटाच्या छायाचित्रांचा अल्बमही तिच्या नावावर आहे. गोष्ट खरी आहे, मोठी आहे, आणि सांगायलाच हवी. पण ‘एका विधवेने बांधला बोरघाट’ असा मथळा मी वाचतो तेव्हा मला पुन्हा ते दर्शनी दगड दिसतात. घडीव, एका ओळीत. विधवा त्या घाटात एकटी तीच नव्हती. पाल्यात मेलेल्या सुरुंगवाल्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी पाटी उचलली असेल, तिला कुणी कंत्राट दिलं नाही.

दुसरं नाव शिंगरोबाचं. खोपोलीच्या वर, जुन्या हायवेच्या कडेला त्याचं देऊळ आहे. ट्रकवाले तिथे हात जोडतात. कथा अशी की साहेबांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपली मेंढरं चढतात ती वाट दाखवली. साहेब खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. शिंगरोबा म्हणाला, स्वातंत्र्य द्या. साहेबाने त्याला गोळी घातली.

शिकलेले लोक या कथेवर हसतात, किंवा डोळे पुसून ती फॉरवर्ड करतात. १८५० च्या दशकातला धनगर गव्हर्नराच्या माणसाकडे स्वातंत्र्य मागेल का, असा वाद घालत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. तो शब्द कथेला नंतर चिकटला असेल, १८३० जसं पुलाला चिकटलं तसा. पण तो बाजूला काढून कथा ऐका. एका माणसाकडून काम करून घेतलं. मोबदला कबूल केला. मागायला गेला तेव्हा मारला. ही थकलेल्या मजुरीची गोष्ट आहे. १८५९ च्या जानेवारीत जे झालं त्याच्याशी ती ॲलिसच्या चरित्रापेक्षा जास्त जवळची आहे. घाटातली माणसं कागद ठेवत नव्हती. त्यांनी देऊळ ठेवलं. माझ्या मते या घाटाच्या बांधकामाचं आपल्याकडे असलेलं सर्वात चांगलं टीकालेखन ते देऊळच आहे, आणि टीका म्हणून ते कुणी वाचत नाही.

लेखी मराठीत अगदीच काही नाही असंही नाही. जोतीराव फुले स्वतः बांधकामांची कंत्राटं घेत. इंजिनिअरिंग खात्यात वरच्यांपासून कारकुनापर्यंत मजुराला कसं नागवतात ते त्यांनी जवळून पाहिलं आणि लिहून ठेवलं. आपण फुल्यांना शिक्षणासाठी वाचतो, शेतीसाठी वाचतो. दगड-चुन्याच्या कामावरची हजेरी ज्याने पाहिली असा लेखक म्हणून त्यांना वाचलं, तर या घाटातले पूल वेगळे दिसतील.

इंग्लंडातलं एक उदाहरण देतो, कौतुकासाठी नाही. उत्तर इंग्लंडात सेटल-कार्लाइल लाइनीवर रिबलहेडचा दरीपूल आहे, २४ कमानींचा, १८७० च्या दशकात बांधलेला. त्याच्या दुरुस्तीचा खर्च झेपत नाही म्हणून १९८० च्या दशकात अख्खी लाइन बंद करायचं घाटलं होतं. लोकांनी मोठी चळवळ केली, १९८९ मध्ये सरकारने माघार घेतली, पूल आजही चालू आहे. पुलाखालच्या माळावर मजुरांच्या झोपड्यांची वस्ती होती, तिच्या खुणा लोक जाऊन बघतात. जवळच्या चॅपल-ले-डेलच्या चर्चमध्ये लाइन बांधताना मेलेल्या मजुरांसाठी लावलेला एक फलक आहे. तिथे पुलाबद्दल लिहिणारा माणूस या वस्तीबद्दल न लिहिता सुटत नाही. पूल वाचला म्हणून आठवण राहिली असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या घाटातले काही जुने दरीपूल आणि बोगदे आजही उभे आहेत, रोज त्यांवरून गाड्या जातात, आणि खिडकीशी बसलेले आपण धबधब्याचा व्हिडिओ काढतो. मीही काढलाय. त्यात पूल नाही, कारण मी पुलावर होतो.

आता माझं दुसरं कारण. त्या एप्रिलमध्ये आणि नंतर मे महिन्यात आमच्या भागातली माणसं परत येत होती. तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडून दर हंगामाला कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामांवर जातात, बरीचशी गुजरातेत. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, हंगामात ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिशेबाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. त्या वर्षी काहींचा हिशेब न होताच ते निघाले. आमच्या दारावरून गेलेल्या एका जोडप्याला आईने पाणी दिलं. किती राहिले, असं तिने विचारलं. बाईने आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला तो लहान वाटेल.

त्यानंतर जीआयपीच्या इतिहासात मुकादम हा शब्द वाचला की मी अडखळतो. इंग्रजांनी त्याचं भाषांतर केलं नाही, नुसतं वेडंवाकडं स्पेलिंग केलं. त्यांच्या सगळ्या तांत्रिक शब्दांत हा आपला शब्द तसाच राहिला, आणि नंतर तो रेल्वेच्या कागदांतून गेला तरी आमच्या एसटी स्टँडवर अजून आहे.

बर्कलेबद्दल एक गोष्ट राहिली. १८६० च्या सुमारास लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत त्याने या लाइनीवर निबंध वाचला. घाट सुरू झालेला त्याला बघायला मिळाला नाही. १८६२ मध्ये तो मेला. म्हौ-की-मळी पडलेलीही त्याने पाहिली नाही. त्याची आखणी चुकली असं मला म्हणायचं नाही. लाइन कुठून न्यायची हे त्याला कळलं होतं, इतकं की आजची लाइन बऱ्याच ठिकाणी त्याच वाटेने जाते. आखणी उत्तम आणि भरणा कच्चा, असे पूल मला नंतर खूप दिसायला लागले. पुस्तकांतसुद्धा. मी स्वतः लिहितो त्यातही.

गेल्या दिवाळीत काकांना फोनवर नव्या मिसिंग लिंकच्या पुलाचा ड्रोन व्हिडिओ दाखवला. तोच घाट, वर केबलवर टांगलेला रस्ता, मागे संगीत. त्यांनी तो शांतपणे पाहिला. मला वाटलं, सिमेंट-सळईबद्दल काही म्हणतील. त्यांनी बोटाने चित्र मोठं केलं, सरकवलं, परत मोठं केलं. खांबाच्या टोकाशी पिवळ्या हेल्मेटचे तीन ठिपके होते.

“हे कुठले आहेत?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, व्हिडिओत तसं काही लिहिलेलं नाही.

“नंबर असेल ना कंत्राटदाराचा कुठे,” ते म्हणाले. “पोरगा बारावीनंतर बसूनच आहे. विचारून बघ रोज काय देतात ते.”